एक रोग, तीन क्रमांक

१९२४ साली फ्रान्समधल्या कर्करोग-अभ्यास संघटनेच्या पत्रिकेत बेर्झे, ल्युक आणि रिशार या तिघांचा एक लेख छापून आला. विषय होता नाकात वाढलेली एक गाठ. नाकात गाठी होतात, मांस वाढते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. या तिघांना वेगळेपण जाणवले ते सूक्ष्मदर्शकाखाली. गाठीतल्या पेशी नाकाच्या नेहमीच्या अस्तरातल्या वाटत नव्हत्या. त्यांचे वळण मज्जातंतूंच्या पेशींचे होते. वास ओळखणाऱ्या पेशींच्याच कुळातून ही गाठ आली असावी, असा निष्कर्ष काढून त्यांनी तिला एक लांबलचक नाव दिले : एस्थेसिओन्यूरोएपिथेलिओमा. ग्रीक भाषेत ‘ऐस्थेसिस’ म्हणजे संवेदना. संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतुमय अस्तराची गाठ, असा त्या नावाचा अर्थ.

दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, बेर्झे यांनीच आंरी कुतार यांच्याबरोबर दुसरा लेख लिहिला. कुतार हे पॅरिसच्या रेडियम संस्थेतले किरणोपचार करणारे डॉक्टर. किरणांची मात्रा एकदम न देता थोडी थोडी करून बरेच दिवस द्यावी, या पद्धतीच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी ते एक. या दुसऱ्या लेखात नाव बदलले होते : एस्थेसिओन्यूरोसायटोमा. अस्तराऐवजी पेशीवर भर आला, एवढाच फरक.

आजचे डॉक्टर या दोन्हीपैकी कोणतेही नाव सहसा वापरत नाहीत. ते ‘ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा’ किंवा ‘एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा’ म्हणतात. पण १९२४ आणि १९२६ ची ती दोन नावे मेलेली नाहीत. जगभरच्या कर्करोग नोंदणी कार्यालयांत जी वर्गीकरणाची वही वापरली जाते, तिच्यात ती अजून आपापल्या जागी बसून आहेत. १९२६ च्या नावाचा क्रमांक ९५२१/३. १९२४ च्या नावाचा ९५२३/३. आणि मधला ९५२२/३ हा आजच्या प्रचलित नावाचा. बहुतेक तज्ज्ञांच्या मते रोग एकच. क्रमांक मात्र तीन.

मी डॉक्टर नाही. रोगांची नावे कशी पडली आणि त्यांच्या नोंदी कशा झाल्या, हे वाचत राहणे हा गेल्या काही वर्षांचा माझा नाद आहे. त्या वाचनात या दुर्मीळ रोगाने मला जितके थांबवून धरले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने. कारण रोगाचे निदान म्हणजे काय आणि नोंद म्हणजे काय, या दोन्ही प्रश्नांची गाठ इथे एकाच ठिकाणी पडते, आणि ती गाठ चुकीची बसली तर किंमत रुग्ण मोजतो.

उंबरठ्यावरची पेशी

आधी ही पेशी राहते कुठे ते पाहू. नाकपुडीतून वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या पोकळीचे छत आहे. ते एका पातळ हाडाचे असते आणि त्याला चाळणीसारखी बारीक छिद्रे असतात. छताच्या वर मेंदू, खाली नाक. छताला लागून असलेल्या अस्तराच्या छोट्याशा पट्ट्यात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांचे एक टोक नाकातल्या हवेकडे उघडे असते. दुसऱ्या टोकाचा धागा चाळणीच्या छिद्रातून वर जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदाला भिडतो. या धाग्यांच्या जुडग्यालाच आपण गंधाची नस म्हणतो. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोडनसांमध्ये तिचा क्रमांक पहिला.

म्हणजे ही पेशी जातीने मज्जातंतूची, पण वस्तीला नाकात. शरीरातल्या बहुतेक मज्जापेशी हाडांच्या आणि कातडीच्या आड सुरक्षित असतात. ही उघड्यावर बसते. धूळ, धूर, सर्दी सगळे तिला सोसावे लागते. त्यामुळे ती मरते आणि अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळपेशींतून पुन्हा नवी तयार होते. हे नवे होणे आयुष्यभर चालू असते. मज्जासंस्थेत ही गोष्ट अपवादात्मकच. सतत विभागणाऱ्या या तळच्या पेशींतूनच हा कर्करोग सुरू होतो, असे मानण्याकडे आज अभ्यासकांचा कल आहे.

तो फार विरळ आहे. डेन्मार्कमध्ये झालेल्या मोजणीत वर्षाला दर दहा लाख लोकांमागे ०.४ इतके त्याचे प्रमाण आढळले. म्हणजे पंचवीस लाख वस्तीच्या शहरात वर्षाला एखादा रुग्ण. त्याची सुरुवात अगदी सामान्य दिसते. एक नाकपुडी चोंदलेली राहते. मधूनमधून घोळणा फुटतो. वास कमी येतो, डोके दुखते. यातले काहीही सर्दीने, हाड वाढल्याने, सायनसने होऊ शकते आणि बहुतेक वेळा त्यानेच होते. म्हणून महिनोन्महिने थेंब आणि वाफारे चालतात. एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे आणि त्याच बाजूने रक्त येणे, ही जोडी कानात खूण पटावी अशी आहे. पण ती खूण पटायलाही आधी कुणीतरी दुर्बीण घालून पाहावे लागते. गाठ मोठी झाली की ती चाळणीतून वर मेंदूकडे चढते किंवा बाजूला डोळ्याच्या खोबणीत शिरते. एमआरआयमध्ये अशा गाठीची आकृती कधीकधी डमरूसारखी दिसते : खाली नाकात एक फुगवटा, वर कवटीत दुसरा आणि मध्ये चाळणीच्या हाडापाशी आवळलेली कंबर.

निळ्या ठिपक्यांचा पेच

पण फोटो पाहून निदान होत नाही. निदान होते तुकडा काढून, म्हणजे बायोप्सीने. आणि खरा पेच तिथेच सुरू होतो.

नेहमीच्या रंगात रंगवलेल्या काचपट्टीवर ही गाठ म्हणजे लहान, गोल, गडद निळ्या पेशींचा घोळका दिसतो. अडचण अशी, की नाकात होणाऱ्या इतर अनेक गाठीही अशाच दिसतात : लसिकापेशींचा कर्करोग, लहान पेशींचा कर्करोग, स्नायूंच्या जातीचा सार्कोमा, युइंग सार्कोमा, रंगद्रव्य नसलेला मेलॅनोमा, एवढेच काय, वरून खाली उतरलेली पिट्युटरी ग्रंथीची गाठसुद्धा. यांचे उपचार एकमेकांपासून पार वेगळे. लसिकापेशींचा रोग मुख्यतः औषधांनी आणि किरणांनी बरा करतात; गंधपेशींच्या गाठीला कवटीच्या तळाची मोठी शस्त्रक्रिया लागते; पिट्युटरीची गाठ बहुधा कर्करोग नसतेच.

ओळख पटवायला आधीच्या पिढीजवळ एक खूण होती. पेशी काही ठिकाणी फेर धरून बसतात. १९१० साली बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी लहान मुलांच्या पोटात होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या गाठीतले असे फेर वर्णन केले होते. त्यांच्या मधोमध तंतूंचे जाळे असते. दुसऱ्या प्रकारचा फेर फ्लेक्सनर आणि विंटरस्टायनर यांच्या नावाने ओळखला जातो. तो डोळ्याच्या पडद्याच्या गाठीत दिसतो आणि त्याच्या मध्यभागी खरी पोकळी असते. गंधपेशींच्या गाठीत हे दोन्ही दिसू शकतात. कोणता फेर दिसतो त्यावरून पूर्वी नावे ठरत. पण एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत दोन प्रकार सापडू लागले, तेव्हा नावांचा हा भेद टिकेनासा झाला. शिवाय कित्येक गाठींत फेर मुळी नसतोच.

‘न्यूरोब्लास्टोमा’ या शब्दानेही गोंधळ कमी केला नाही. मुलांच्या पोटातला न्यूरोब्लास्टोमा हा वेगळाच रोग आहे. त्याचे वय, वागणूक, जनुकीय घडण सगळे निराळे. नाकातला हा रोग मुख्यतः मध्यमवयात आढळतो. नावातला अर्धा भाग सारखा म्हणून आजार सारखा, असा समज होऊ शकतो.

१९८० च्या दशकापासून एक नवे साधन हाती आले. विशिष्ट प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी पेशी रंगवायच्या आणि कोणता रंग धरतो ते पाहायचे. सायनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन ही मज्जापेशींच्या जातीची खूण. एस-१०० हे प्रथिन पेशींच्या पुंजक्यांभोवती कडेकडेने दिसले तर ती गंधपेशींच्या गाठीची बोलकी खूण. केरॅटिन मात्र सहसा नसते किंवा अगदी थोडे असते. याच काळात, १९८६ मध्ये, नाकातल्या एका अत्यंत आक्रमक आणि ओळख नसलेल्या कर्करोगाला स्वतंत्र नाव मिळाले. तोवर अशा गाठींतल्या काही गंधपेशींच्या नावावर जमा होत होत्या, हे उघड आहे. म्हणजे १९८६ पूर्वीच्या कागदांवरचा ‘एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा’ आणि नंतरच्या कागदांवरचा तोच शब्द यांचा अर्थ अगदी एक धरता येत नाही.

थोड्या रुग्णांवर उभे राहिलेले शास्त्र

रोग विरळ असला की त्याचे ज्ञानही विरळच असते. १९६६ मध्ये स्कोल्निक आणि सहकाऱ्यांनी जगभरचे वैद्यकीय साहित्य चाळून या रोगाचे रुग्ण मोजले. बेर्झेंच्या लेखाला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती. संख्या भरली ९७.

शस्त्रक्रियेचा मार्ग याच सुमारास बदलत होता. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आल्फ्रेड केचम आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्याच्या बाजूने आणि कवटीच्या बाजूने एकाच वेळी जाऊन नाकाचे छत अखंड काढण्याची पद्धत मांडली. चाळणीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या या गाठीला ती नेमकी लागू पडली. आता अनेक ठिकाणी हेच काम दुर्बिणीने, चेहऱ्यावर छेद न घेता होते.

रोग कितपत पसरला आहे हे सांगणारी सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत १९७६ ची. कॅडिश, गुडमन आणि वँग यांनी तिच्या तीन पायऱ्या केल्या : ‘अ’ म्हणजे गाठ फक्त नाकाच्या पोकळीत, ‘ब’ म्हणजे शेजारच्या सायनसमध्येही, ‘क’ म्हणजे त्याच्याही पलीकडे. पुढे १९९३ मध्ये दूर पसरलेल्या रोगासाठी चौथी पायरी जोडली गेली. जगभर जिच्या आधाराने आजही निर्णय होतात ती १९७६ ची पद्धत किती रुग्णांवर उभी होती? १७. यात त्या डॉक्टरांचा दोष काही नाही. त्यांच्याकडे तेवढेच रुग्ण होते. पण अशा रोगात एकेक रुग्ण किती मोलाचा आणि एकेक चुकीची नोंद किती महाग, हे त्या आकड्यावरून कळते.

एका रुग्णालयात पुरेसे रुग्ण जमत नाहीत, म्हणून अभ्यासक नोंदणी कार्यालयांकडे वळतात. देशभरच्या नोंदींतून एक क्रमांक शोधायचा, त्या क्रमांकाची सगळी माणसे एकत्र करायची आणि किती जगली ते मोजायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींतून १९७३ ते २००२ या तीस वर्षांतले असे ३११ रुग्ण काढून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासात काचपट्टी पुन्हा पाहिली जात नाही. तिथे क्रमांक हाच रुग्ण असतो. म्हणून आता त्या क्रमांकाची कुळकथा पाहायला हवी.

क्रमांकाची कुळकथा

रोग मोजायचे तर आधी ते कशाच्या आधारे वेगळे करायचे हे ठरवावे लागते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग सांगितले आहेत आणि त्यांत अर्बुदांचे सात प्रकार आहेत. ती विभागणी दोष आणि धातू यांवर आधारलेली आहे. त्या सातांत आजचा एखादा कर्करोग शोधू नये. पण मोजणीआधी आधार ठरवावा लागतो, ही जाण तिथेही आहे. लंडनच्या जुन्या मृत्युयाद्यांत ती जाण अजून यायची होती. जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये या याद्यांवर पुस्तक लिहिले. त्यातल्या १६३२ सालच्या यादीत ‘कॅन्सर आणि लांडगा’ अशा एकाच ओळीत १० मृत्यू आहेत. लांडगा म्हणजे लचके तोडल्यासारखी पसरणारी जखम. जे डोळ्यांना दिसले तेच नाव झाले.

आजच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची सुरुवात १८९३ ची. पॅरिसच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख झाक बेर्तियों यांनी शिकागोच्या अधिवेशनात मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तिचा कणा होता शरीराचा भाग. ही यादी ठराविक काळाने सुधारली जाऊ लागली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती नव्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूंबरोबर आजारांचीही झाली. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डांवर आणि विम्याच्या दाव्यांच्या अर्जांवर जो क्रमांक असतो तो या यादीच्या दहाव्या आवृत्तीतला. ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी व्यवहारातला बदल सावकाश होतो आहे.

या यादीत कर्करोगाची पहिली विचारणा ‘कुठे?’ ही असते. ‘कसला?’ हे नंतर. पण कर्करोगाच्या अभ्यासकांना दोन्ही हवे होते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९५१ मध्ये गाठींची नावे आणि क्रमांक यांची एक पुस्तिका काढली होती. तिच्यापासून सुरू झालेल्या परंपरेतून १९७६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगासाठी स्वतंत्र वर्गीकरण प्रसिद्ध केले. कॅडिश यांच्या सतरा रुग्णांचेही हेच वर्ष. या वर्गीकरणात प्रत्येक गाठीला दोन क्रमांक मिळतात : एक जागेचा, एक पेशींच्या जातीचा. जातीच्या क्रमांकात तिरप्या रेघेनंतरचा आकडा गाठीचा स्वभाव सांगतो. शून्य म्हणजे सौम्य, तीन म्हणजे घातक आणि मूळ जागेवरचा.

वर्गीकरण करणाऱ्यांपुढे जुने सगळे कागद होते. डॉक्टर जो शब्द लिहितील त्याला क्रमांक सापडला पाहिजे, ही त्यांची गरज. म्हणून फ्रेंच लेखांतली दोन्ही नावे आणि पुढचे तिसरे नाव यांना शेजारी शेजारी तीन घरे मिळाली. नोंदणी करणारा रोग ठरवत नाही. तो डॉक्टरांचा शब्द क्रमांकात उतरवतो. शब्द तीन, म्हणून क्रमांक तीन. एखादा अभ्यासक फक्त ९५२२/३ मागवतो तेव्हा जुन्या वळणाच्या डॉक्टरांनी लिहिलेले रुग्ण त्याच्या जाळ्यातून सुटतात.

जागेच्या क्रमांकाचा पेच याहून मोठा. दहाव्या आवृत्तीत नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाचा क्रमांक सी ३०.०. गंधाच्या नसेच्या कर्करोगाचा सी ७२.२. पहिला श्वसनमार्गाच्या गटात, दुसरा मेंदू आणि मज्जासंस्थेच्या गटात. आता कारकुनासमोर कागद आला : ‘गंधाच्या नसेचा कर्करोग’. यादीत तंतोतंत त्याच नावाची ओळ आहे. बोट सहज सी ७२.२ वर जाईल. पण वर्गीकरणाच्या शब्दसूचीत एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमासमोर सी ३०.० हा क्रमांक दिलेला आहे. कारण गाठ जातीने मज्जातंतूची असली तरी तिचे घर नाकाचे अस्तर. सी ३०.० खाली स्पष्ट सूचनाही आहे, की गंधकंद यात धरू नये, त्याचे स्थान सी ७२.२. म्हणजे चाळणीचे हाड ही शरीरातली जशी हद्द, तशीच यादीतलीही. आणि नेमका हा रोग ती हद्द ओलांडून दोन्हीकडे पसरतो. नवव्या आवृत्तीतही तेच होते : नाक १६०.० वर, जोडनसा १९२.० वर.

नोंदणीच्या नियमात याचे उत्तर आहे. जातीच्या क्रमांकाशेजारी कंसात नेहमीची जागा छापलेली असते; कागदावर वेगळी जागा स्पष्ट लिहिलेली नसेल तर तीच धरायची. पण नियम वाचायला सूचीपर्यंत जावे लागते. रोज शेकडो कागद हाताळणाऱ्याला आयुष्यात एकदा भेटणाऱ्या रोगासाठी तेवढे थांबावेसे वाटणे, यावर सगळे अवलंबून आहे.

मुंबई आणि बार्शी

आपल्याकडे ही शिस्त लवकर आली. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तिथल्या विकृतिशास्त्राची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने, डॉ. दाराब जुस्सावाला यांच्या पुढाकाराने, मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही देशातली पहिली नोंदणी. रुग्णालये माहिती पाठवतील याची वाट न पाहता नोंदणीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि मृत्युनोंदींच्या कार्यालयात जाऊन कागद उतरवून आणत. १९८१ मध्ये राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम सुरू झाला.

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली गावे तिच्यात होती. खेड्यात रुग्णालयाचे कागदच नसतात, तेव्हा नोंदणीचे लोक गावोगाव जाऊन कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत, संशयित रुग्णांना तपासणीला आणत आणि मग नोंद करत. म्हणजे इथे नोंद होण्याआधी निदानच घडवून आणावे लागले. वाहत्या नाकाला आणि घोळण्याला कुणी आजार समजत नाही तिथे असा विरळ रोग कोणत्याही यादीत न येताच संपू शकतो.

या नोंदणींच्या अहवालांत आकडे जागेनुसार छापतात. ‘नाक, सायनस इत्यादी’ ही एक ओळ, क्रमांक सी ३०-३१. ‘मेंदू, मज्जासंस्था’ ही दुसरी ओळ, सी ७०-७२. कोष्टकात या रोगाचे नाव कुठेच दिसत नाही. तो या नाही तर त्या ओळीत विरघळतो. मेंदूच्या ओळीत रुग्ण पुष्कळ. तिथे चुकून गेलेला एक माणूस पुन्हा सापडणे कठीण.

काच खरे बोलते का

क्रमांक बरोबर पडला तरी त्याच्या मागचे निदान बरोबर असेलच असे नाही, आणि या रोगाच्या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या एम. डी. अँडरसन या कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी एक छोटा लेख लिहिला. बाहेरून हेच निदान घेऊन त्यांच्याकडे आलेल्या लागोपाठच्या १२ रुग्णांच्या काचपट्ट्या त्यांनी पुन्हा तपासल्या. निदान कायम राहिले ते फक्त दोघांचे. उरलेल्या दहांत पिट्युटरीच्या गाठी होत्या, मेलॅनोमा होता, इतर जातींचे कर्करोग होते. त्यातल्या आठ जणांच्या उपचारांची दिशा मोठ्या प्रमाणात बदलावी लागली.

या दहा जणांचे काय झाले असते? पिट्युटरीची गाठ असलेल्या माणसाची गरज नसताना कवटी उघडली गेली असती. आक्रमक कर्करोग असलेल्याला जे औषध आधी मिळायला हवे ते उशिरा मिळाले असते. आणि सगळ्यांच्या नावापुढे ९५२२/३ पडून, पुढच्या एखाद्या अभ्यासात ‘या रोगात पाच वर्षांनी किती जगतात’ या आकड्यात ते मिसळले असते. मग तोच आकडा टेबलापलीकडे बसलेल्या नव्या रुग्णाला ऐकवला गेला असता.

२०१८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने हे काम वेगळ्या मार्गाने झाले. पेशीतल्या डीएनएवर रासायनिक खुणांची एक नक्षी असते आणि ती पेशीचे कूळ सांगते. स्थानिक डॉक्टरांनी गंधपेशींचा कर्करोग म्हणून निदान केलेल्या ६६ गाठींची ही नक्षी तपासली. ४२ गाठी एका कुळाच्या निघाल्या. बाकीच्यांतल्या बऱ्याच गाठी सरळसरळ दुसऱ्या ओळखीच्या रोगांच्या होत्या. हा नमुना आपल्याकडच्या किंवा कुठल्याही एका देशाच्या नोंदींना जसाच्या तसा लावता येणार नाही. अवघड वाटलेल्या गाठीच अशा अभ्यासात जास्त येतात. पण जाणत्या केंद्रांतही तिघांमागे एका निदानावर शंका उरावी, हे थोडे नाही.

बेर्झे आणि सहकाऱ्यांनी शब्द निवडला तेव्हा तो एक अंदाज होता आणि तो अंदाज असल्याचे त्यांच्या लांबलचक नावातच दिसत होते : कशासारखी, कुठली, कोणत्या कुळातली. क्रमांकात हा संकोच उरत नाही. विकृतितज्ज्ञ अहवालात ‘बहुधा’, ‘सुसंगत’, ‘आणखी तपासणी हवी’ असे लिहितो. नोंदीत त्यातले काही जात नाही. पुढचा वाचणारा तो आकडा ठाम म्हणूनच वाचतो. वर्गीकरण टाकून देता येणार नाही. ते नसते तर दहा लाखांत अर्धाही न भरणारा हा रोग कुणी एकत्र पाहूच शकले नसते. पण त्याच्याकडे पाहताना तो कोणत्या वर्षीच्या कोणत्या साधनांनी केलेल्या निदानाचा आकडा आहे, हे विचारावे लागते.

सुदैवाने निदान पुन्हा तपासता येते. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून त्याचा लहानसा ठोकळा करतात. त्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचे पातळ काप काढून काचपट्ट्या होतात. ठोकळा नीट ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. २०१८ चा अभ्यास अशा जपून ठेवलेल्या ऊतींमुळेच शक्य झाला. गंधपेशींचा हा कर्करोग दहा-दहा वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून त्याच्या रुग्णाची तपासणी आयुष्यभर चालू ठेवतात. तेव्हा नव्या डॉक्टरांना जुने नाव आणि जुना क्रमांक डिस्चार्ज कार्डावर मिळेल. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला मात्र त्यांना तो मेणाचा ठोकळा लागेल. ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांनी फाइलमधल्या कागदांइतकीच त्याचीही चौकशी करावी : तो कोणत्या प्रयोगशाळेत आहे, किती वर्षे ठेवणार आहेत आणि गरज पडल्यास तो मागून नेता येईल का.